कर्करोगाच्या कारणांचा शोध

चंदीगड हे स्वतंत्र भारताने नव्याने वसविलेले नगर. फाळणीत लाहोर पलीकडे गेले आणि पंजाबला राजधानी उरली नाही, म्हणून शिवालिकच्या पायथ्याशी ही नगरी आखण्यात आली. या नगरीला लागून असलेल्या मुल्लांपूर येथे २४ ऑगस्ट २०२२ रोजी कर्करोगाच्या ३०० खाटांच्या एका रुग्णालयाचे उद्घाटन झाले. रुग्णालयाला डॉ. होमी भाभा यांचे नाव देण्यात आले आहे आणि त्याचा कारभार मुंबईच्या परळ भागातील टाटा स्मारक केंद्राकडे आहे. पंजाबच्या दृष्टीने ही घटना लहान नव्हती. त्या राज्याच्या माळवा भागातील रुग्ण वर्षानुवर्षे भटिंड्याहून रात्रीच्या गाडीने राजस्थानातील बिकानेरला उपचारासाठी जात आले. त्या गाडीला लोकांनी ‘कॅन्सर ट्रेन’ असेच नाव ठेवले होते.

रुग्णालय मुल्लांपूरचे असो की परळचे, तेथे येणाऱ्या माणसाच्या मनात औषधाच्याही आधी एक प्रश्न असतो : हा रोग आला कोठून? हा प्रश्न नुसत्या जिज्ञासेचा नाही. रोग बाहेरून लागतो अशी घरच्यांची समजूत झाली, तर रुग्णाचे ताट-तांब्या वेगळे काढले जातात. रोग रक्तातूनच उतरतो अशी समजूत झाली, तर घरातील मुलींच्या सोयरिकी अडतात. या दोन समजुती केवळ अडाणीपणातून निघाल्या असे मात्र म्हणता येणार नाही. विसाव्या शतकाच्या आरंभापासून पुढे कित्येक दशके शास्त्रज्ञांमध्येसुद्धा हेच दोन पक्ष होते. एक पक्ष म्हणे, कर्करोग शरीराच्या आतच उपजतो. दुसरा म्हणे, तो बाहेरच्या विषाणूमुळे होतो. या वादाचा निकाल कसा लागला, आणि त्या शोधात मराठी माणसांचा व मराठी मुलखाचा वाटा काय होता, हे पाहण्यासारखे आहे.

प्रथम आतल्या कारणाचा पक्ष घेऊ. आपले शरीर असंख्य पेशींचे बनलेले असते. प्रत्येक पेशीच्या केंद्रात गुणसूत्रे असतात आणि त्या पेशीने केव्हा वाढावे, केव्हा थांबावे, केव्हा मरावे याचे सारे लेख जनुकांच्या रूपाने त्यांत साठविलेले असतात. कुलकर्ण्याच्या दप्तरात जशी गावाची सारी हकीगत असे, तसाच हा प्रकार. एका पेशीच्या दोन पेशी होताना या दप्तराची आरंभापासून अखेरपर्यंत नक्कल केली जाते आणि दोघींना एकेक प्रत मिळते. जर्मनीतील वुर्झबर्ग येथील प्राणिशास्त्रज्ञ थिओडोर बोवेरी हे समुद्रातील सी-अर्चिन नावाच्या काटेरी जीवाच्या अंड्यांवर प्रयोग करीत असत. एका अंड्यात दोन शुक्रजंतू शिरले तर गुणसूत्रांची वाटणी विषम होते आणि अशा पेशींतून विकृत वाढ होते, असे त्यांना दिसून आले. त्यावरून १९१४ मध्ये त्यांनी एका ग्रंथात असा सिद्धांत मांडला, की घातक गाठीचा उगम ज्या पेशीचा गुणसूत्रांचा हिशेब बिघडला आहे अशा पेशीत असावा. पुढच्याच वर्षी ते निवर्तले. त्यांचे म्हणणे पडताळून पाहण्याचे साधन त्या काळी नव्हते. माणसाच्या निरोगी पेशीत ४६ गुणसूत्रे असतात, ही साधी गोष्टसुद्धा १९५६ मध्ये निश्चित झाली. १९६० मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात नॉवेल आणि हंगरफोर्ड या दोन संशोधकांना रक्ताच्या एका विशिष्ट कर्करोगात एक गुणसूत्र नेहमीपेक्षा आखूड झालेले आढळले, तेव्हा बोवेरींच्या तर्काला प्रत्यक्ष आधार मिळाला.

दुसऱ्या पक्षाचा आरंभ एका कोंबडीपासून झाला. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत पेटन राऊस नावाच्या तरुण डॉक्टराकडे छातीवर गाठ असलेली एक कोंबडी आणण्यात आली. राऊसांनी ती गाठ कुटून तिचा अर्क काढला आणि ज्यातून पेशी किंवा जंतू पार होऊ शकत नाहीत अशा बारीक गाळणीतून तो गाळला. तो गाळलेला अर्क निरोगी कोंबडीला टोचला, तर तिलाही तशीच गाठ झाली. जंतूंहूनही सूक्ष्म असे काहीतरी त्या अर्कात होते. १९११ मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला. परंतु पंडितांनी तो मनावर घेतला नाही. कोंबडीचा रोग तो माणसाचा रोग नव्हे, असे म्हणून बहुतेकांनी तो बाजूला सारला. त्यांचा आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. कर्करोगाच्या रुग्णांची वर्षानुवर्षे शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांना तो रोग लागत नाही, हे सर्वांच्या डोळ्यांसमोर होते. राऊसांना नोबेल पारितोषिक मिळाले ते १९६६ मध्ये, म्हणजे शोधानंतर ५५ वर्षांनी. तेव्हा ते ८७ वर्षांचे होते.

या दोन पक्षांचे वारे मुंबईपर्यंत पोहोचले, तेव्हा येथे एक तिसराच प्रश्न विचारला जात होता. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. त्याच्या प्रयोगशाळांची धुरा वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. १८९५ मध्ये जन्मलेले खानोलकर मूळचे गोमंतकातले. लंडनमध्ये विकृतिशास्त्राचे उच्च शिक्षण घेऊन ते मुंबईत परतले होते. हिंदुस्थानातील लोकांना जे कर्करोग होतात ते त्यांच्या राहणीशी निगडित आहेत काय, हे त्यांना पाहावयाचे होते. १९४५ मध्ये त्यांनी व सूर्याबाई या सहसंशोधिकेने लिहिलेल्या निबंधात चालीरीतींशी जोडलेल्या तीन प्रकारच्या कर्करोगांचे वर्णन आले. कमरेला घट्ट कसलेल्या धोतराच्या काचामुळे कातडीला होणारा, चुट्ट्याचे जळते टोक तोंडात धरून ओढल्यामुळे टाळूला होणारा, आणि खैनीची तंबाखू ओठाशी धरल्यामुळे होणारा, असे ते तीन प्रकार. वर्षानुवर्षांचा काच आणि तंबाखूचे विष यांमुळे पेशी बिघडते, हे यातून उघड झाले. मात्र बिघडते म्हणजे तिच्या आत नेमके काय होते, याचे उत्तर अद्याप यावयाचे होते.

खानोलकरांच्या हाताखाली याच काळात एक मराठी विदुषी काम करू लागली. कमल समर्थ यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ हे फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. मुलीने डॉक्टर व्हावे अशी वडिलांची इच्छा होती. परंतु हुजूरपागेतून फर्ग्युसनमध्ये गेलेल्या कमलाबाईंचा ओढा वनस्पती व प्राणी यांच्या अभ्यासाकडे होता. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयात त्यांनी सीताफळाच्या कुलातील वनस्पतींच्या गुणसूत्रांचा अभ्यास केला आणि १९४३ मध्ये एम. एस्सी. ही पदवी मिळविली. १९३९ मध्ये गणिताचे अभ्यासक जयसिंग रणदिवे यांच्याशी त्यांचा विवाह झाला होता. त्यानंतर मुंबईत येऊन त्यांनी खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली कर्करोगावर प्रबंध लिहिला आणि १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट संपादन केली. सीताफळाच्या पेशीतील गुणसूत्रे मोजणारी दृष्टी आता गाठीतल्या पेशीकडे वळली.

कमलाबाईंनी अभ्यासाला घेतला तो स्तनांचा कर्करोग, आणि प्राणी निवडला तो उंदीर. या उंदरांमागे एक विलक्षण इतिहास होता. उंदरांच्या काही कुळ्यांत माद्यांना पिढ्यान्पिढ्या स्तनांचा कर्करोग होत असे, आणि आनुवंशिकतेचा याहून स्वच्छ पुरावा नाही असे सर्वांना वाटे. १९३६ मध्ये जॉन बिटनर या अमेरिकन संशोधकाने अशा कुळीतील पिल्ले जन्मताच आईपासून काढून निरोगी कुळीच्या मादीचे दूध त्यांना पाजले. त्या पिल्लांत मोठेपणी रोगाचे प्रमाण पुष्कळ उतरले. कर्करोगास कारण होणारी काही वस्तू आईच्या दुधातून पिल्लाकडे जात होती. ती वस्तू म्हणजे एक विषाणूच होता, हे पुढे सिद्ध झाले. वंशपरंपरेने येतो असे वाटणारा रोग दुधातून येत होता. तरीही सगळ्याच कुळींतील उंदरांना त्या दुधाने सारखा रोग होत नसे, आणि मादीच्या शरीरातील संप्रेरकांवरही पुष्कळ अवलंबून असे. वंश, संप्रेरक आणि विषाणू या तिघांचे परस्परांशी नाते काय, हाच कमलाबाईंच्या संशोधनाचा मध्यवर्ती विषय झाला. आत की बाहेर, असा प्रश्न विचारण्याऐवजी आतले आणि बाहेरचे मिळून काय करतात, असा प्रश्न परळच्या प्रयोगशाळेत विचारला जाऊ लागला. १९५२ मध्ये परळला भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले आणि खानोलकर त्याचे संचालक झाले. शरीराबाहेर काचपात्रात पेशी जिवंत ठेवण्याची व वाढविण्याची विद्या कमलाबाई बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्याकडे शिकून आल्या होत्या. त्या विद्येची भारतातील पहिली प्रयोगशाळा त्यांनी या केंद्रात उभी केली.

उंदराच्या दुधात विषाणू असेल तर माणसाच्या दुधात का नसावा, ही शंका येणे स्वाभाविक होते. मुंबईच्या पारशी समाजातील स्त्रियांत स्तनांच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक आढळत असे. म्हणून अमेरिकन संशोधकांनी मुंबईतील डॉ. पेमास्तर, सत्यवती शिरसाट आदी संशोधकांच्या सहकार्याने या स्त्रियांच्या दुधाचे नमुने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. उंदराच्या विषाणूसारखे दिसणारे कण त्यांत आढळल्याचे वृत्त १९७१ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आले, आणि जगभर खळबळ उडाली. परंतु माणसाच्या स्तनांच्या कर्करोगास तसा विषाणू कारण आहे, हे पुढील अभ्यासाने सिद्ध झाले नाही. मातेने बालकाला पाजलेल्या दुधातून हा रोग जातो, ही धास्ती त्यामुळे निराधार ठरली. काही कुटुंबांत या रोगाचे प्रमाण अधिक का, याचे एक उत्तर १९९४ मध्ये मिळाले. त्या वर्षी बीआरसीए-१ नावाचे जनुक हाती लागले. गुणसूत्राचा धागा तुटला असता तो नीट सांधण्याच्या कामी हे जनुक लागते. ते जन्मतः सदोष असेल तर दुरुस्तीच्या कामात कसूर होते आणि पेशीच्या दप्तरात चुकांवर चुका साठत जातात. शास्त्रज्ञ यालाच जनुकीय अस्थैर्य म्हणतात. यातही वारशाने येते ती रोगाची संभाव्यता. प्रत्यक्ष रोग नव्हे.

मग विषाणूचा पक्ष हरला काय? तसेही झाले नाही. १९७६ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे बिशप आणि वार्मस यांच्या प्रयोगशाळेत राऊसांच्या कोंबडीच्या विषाणूचे रहस्य उलगडले. ज्या जनुकाच्या बळावर तो विषाणू गाठ उत्पन्न करतो, ते मुळात त्याचे स्वतःचे नव्हतेच; ते त्याने कोंबडीच्या निरोगी पेशीतून उचललेले होते. वाढीचा हुकूम देणारे असे जनुक प्रत्येक पेशीत असते आणि एरवी ते मर्यादेत वागते. १९८२ मध्ये उंदराच्या दुधातील विषाणूचीही तऱ्हा कळली. पेशीच्या गुणसूत्रात तो स्वतःचा लेख घुसडतो, आणि ती जागा वाढीच्या एखाद्या जनुकाच्या शेजारी असली की त्या जनुकाला नको तेव्हा चालना मिळते. अर्ध्या शतकाहून अधिक काळ भांडलेले दोन्ही पक्ष अशा रीतीने एकाच ठिकाणी येऊन पोहोचले. बाहेरून आलेला विषाणू असो, तंबाखूचे विष असो की क्ष-किरण असोत, घाव बसतो तो पेशीच्या त्याच एका दप्तरावर. खानोलकरांच्या धोतर-तंबाखूच्या प्रश्नाचे उत्तरही येथेच सापडते.

माणसाच्या बाबतीत या सिद्धांताचा सर्वांत मोठा दाखला गर्भाशयमुखाच्या कर्करोगात मिळाला. जर्मनीचे हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी १९८३ व १९८४ मध्ये या गाठींतून मानवी पॅपिलोमा विषाणूचे १६ व १८ क्रमांकांचे प्रकार शोधून काढले. त्याबद्दल त्यांना २००८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हा विषाणू दोन प्रथिने तयार करतो. पेशीचे विभाजन रोखून धरणाऱ्या एका पहारेकऱ्याला त्यांतील एक निकामी करते. दुसरे पी-५३ या प्रथिनाचा नाश घडविते. गुणसूत्रांत बिघाड दिसताच पेशीला थांबविणारे, आणि बिघाड दुरुस्त होत नसेल तर तिला मरावयास लावणारे, असे हे पी-५३ होय. पहारा उठल्यावर नकलेतील चुका तपासणारे कोणी उरत नाही. गुणसूत्रे तुटतात, भलत्या ठिकाणी जुळतात, कमी-अधिक होतात. बोवेरींनी सी-अर्चिनच्या अंड्यात पाहिली होती तीच विषम वाटणी येथे विषाणूने घडवून आणलेली असते. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णी स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतील पेशी, तिची संमती न विचारता, वाढविण्यात आल्या होत्या. ती स्त्री त्याच वर्षी मरण पावली; तिच्या पेशी मात्र आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत आहेत. त्या पेशींत १८ क्रमांकाचा विषाणू सापडला, आणि त्यांची गुणसूत्रे ४६ नसून ७० ते ८० च्या घरात असतात. विषाणू आणि विस्कळीत गुणसूत्रे यांची गाठ एकाच काचपात्रात पडलेली तेथे दिसते.

परंतु या कथेतील सर्वांत महत्त्वाची बाब म्हणजे काळ. या विषाणूचा संसर्ग अगदी सार्वत्रिक आहे आणि बहुतेक स्त्रियांचे शरीर एक-दोन वर्षांत त्याला हुसकून लावते. ज्या थोड्यांच्या शरीरात तो मुक्काम ठोकतो, त्यांच्याही बाबतीत कर्करोग होण्यास बहुधा दहा-वीस वर्षे लागतात, कारण दप्तरातील चुका एकामागून एक साठाव्या लागतात. ही दहा-वीस वर्षे म्हणजे रोग गाठण्याची संधी होय.

ती संधी साधता येते काय, हे मराठवाड्यातील खेड्यांनी जगाला दाखविले. आज धाराशिव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ पासून टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून ३० ते ५९ वर्षे वयाच्या सुमारे १,३१,००० निरोगी स्त्रियांचा अभ्यास केला. गावांचे ५२ समूह चार गटांत विभागण्यात आले. त्यांपैकी तीन गटांतील स्त्रियांची तीन निरनिराळ्या पद्धतींनी एकदाच तपासणी झाली. चौथ्या गटाला केवळ नेहमीच्या उपचारांची सोय होती. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या गटात विषाणूची चाचणी झाली त्या ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ जणी या रोगाने दगावल्या. तपासणी न झालेल्या गटात स्त्रिया ३१,४८८ आणि मृत्यू ६४. आयुष्यात एकदा केलेल्या चाचणीने मृत्यूचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आणले. या ६४ मृत्यूंवरून पुढे मोठा वाद झाला. उपयुक्त ठरू शकणारी तपासणी एका गटाला न देणे न्याय्य होते काय, असा प्रश्न टीकाकारांनी विचारला, आणि तो प्रश्न हलका नाही. त्या खेड्यांतील स्त्रियांकडून मिळालेले ज्ञान जगाच्या पाठीवर अनेक देशांना उपयोगी पडले. त्या ज्ञानाचा लाभ त्यांच्या लेकीसुनांना वेळेवर मिळावा, हे त्यांचे ऋण आहे.

रोगाच्या आधीच विषाणूला अडविणे हा याहूनही पुढचा मार्ग. यकृताच्या कर्करोगास कारण होणाऱ्या कावीळ-ब च्या विषाणूवर तैवानमध्ये १९८४ पासून नवजात बालकांना लस देण्यात येऊ लागली आणि तेथील मुलांतील त्या कर्करोगाचे प्रमाण घटले. गर्भाशयमुखाच्या विषाणूवरील लस पंजाब सरकारने २०१६ मध्ये भटिंडा आणि मानसा या जिल्ह्यांतील सहावीच्या मुलींना दिली. हे दोन्ही जिल्हे माळव्यातले. बिकानेरची ती गाडी भटिंड्याहूनच निघत असे. २०२२ मध्ये पुण्याच्या सीरम संस्थेने तयार केलेल्या अशाच लसीला भारतात परवानगी मिळाली. ज्या पुण्यातून कमलाबाई गुणसूत्रांचा अभ्यास करून मुंबईस गेल्या, त्याच पुण्यात ही लस सिद्ध झाली.

अर्थात सर्वच कर्करोग विषाणूंनी होत नाहीत. जगातील कर्करोगांपैकी सुमारे आठवा हिस्सा विषाणू व जंतू यांच्या संसर्गामुळे होतो असा अंदाज आहे. आपल्या देशात तंबाखूचा वाटा फार मोठा आहे. आणि पेशीची नक्कल होताना आपोआप घडणाऱ्या चुकाही असतातच. म्हणून ‘हा रोग आला कोठून?’ या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत निराळे असणार. परंतु शंभर वर्षांच्या संशोधनाने दोन गोष्टी निश्चित सांगता येतात. कर्करोगाच्या रुग्णाजवळ बसल्याने, त्याच्या ताटात जेवल्याने तो रोग कोणास लागत नाही. आणि घरात एकाला तो झाला म्हणून त्या घरातील मुलींच्या कपाळी तो लिहिला गेला, असेही नाही. मुल्लांपूरच्या रुग्णालयात येणाऱ्या शेतकऱ्याला अथवा परळच्या पदपथावर मुक्काम टाकलेल्या विदर्भातील कुटुंबाला डॉक्टरांनी उपचाराबरोबर एवढे समजावून दिले, तरी त्या रुग्णाचे ताट घरातल्या पंगतीत पुन्हा मांडले जाईल.